परभणीहून खाऱ्या पाण्यात: कयाकवरून गळ टाकायची सुरुवात कुठून करू?

पूर्णाकाठ (धागाकर्ता), सोमवार रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी परभणीचा, खता-बियाण्याचं दुकान आहे. हंगाम सरला की हात रिकामे, म्हणून गळ. येलदरीच्या काठावर बसून मरळ काढण्यात दहा-बारा वर्षं गेली. एखादा शिवडाही लागलाय. काठावरून पाहिजे तिथं गळ पोचत नाही, म्हणून मागच्या महिन्यात पुण्याच्या एकाकडून जुनी कयाक घेतली. साडेदहा फुटी, वर बसायची, २१,००० रुपये. गाडीच्या टपावर बांधून आणली तेव्हा गल्लीतली पोरं विचारायलीत, काका, आपल्याकडं पूर येणारंय का.

आता डोक्यात खाऱ्या पाण्याचं वेड शिरलंय. जिताडा, तांबोशी या माशांचे व्हिडिओ बघून झोप उडाली. समुद्र आयुष्यात तीनदा बघितलाय, तिन्ही वेळेस गुडघ्यापर्यंत. कुठं जावं, काय लागतं, एकट्यानं जमेल का? सविस्तर सांगा, वाखू (वाचनखूण) साठवीन.

टँकर_नंबर_नऊ, सोमवार रात्री ११.०५

मी लातूरचा. आम्ही रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं. भाऊ, मार्चनंतर ती कयाक गच्चीवर उलटी टाका, वर कुरडया लई मस्त वाळतील.

रापणकर, सोमवार रात्री ११.३०

पयलो प्रश्न. पोहूक येता काय?

पूर्णाकाठ, मंगळवार सकाळी ७.१५

येतं. विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून. नंतर डबा सुटला तरी बुडलो नाही.

@टँकर, कुरडयांची आयडिया बायकोला आवडली, आता माझं काही खरं नाही.

बालाघाटी, मंगळवार दुपारी ४.५०

मी मूळचा अंबाजोगाईचा. डीएड करून कोकणात मास्तर म्हणून लागलो, १४ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आमच्याकडची निम्मी पोरं अशीच इकडं आली आणि बदलीचे अर्ज लिहीत बसली. मी अर्ज सोडला आणि गळ धरला. कयाक सहा वर्षांपासून आहे. त्यामुळे दुष्काळी माणसाचं समुद्रात काय चुकतं ते मला कोळ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण ते सगळं मी स्वतः चुकलोय.

आधी सामानाचं विचारू नका. आधी पडायला शिका. येलदरीला छातीएवढ्या पाण्यात कयाक न्या, मुद्दाम उलटी करा, सरळ करा, वर चढा. वर चढायची रीत अशी: कयाकच्या मधोमध आडवे तरंगा, पाय मागं पाण्याच्या पृष्ठावर आणा, लाथ मारत पोटावर कयाकवर सरका, मग कुशीवर वळून बूड सीटमध्ये. हात टेकून उभं चढायला गेलात की ती परत तुमच्या अंगावर येते. दहा वेळा करा. मग पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, सोबत माणूस ठेवून, लाइफ जॅकेट घालून. जॅकेट घालायचंच. सीटमागं बांधून ठेवलेलं जॅकेट म्हणजे खुंटीला टांगलेला तुमचा तो डबा.

वर बसायची घेतलीत ते बरं केलं. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, आत आलेली लाट त्यातून निघून जाते. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं की उपसत बसावं लागतं.

वल्ह्याला दोरी लावा, दुसरं टोक कयाकला. पाच फूट दोरीचे पैसे वाचवून मी एकदा भर खाडीत हातानं पाणी मारत काठाला आलोय.

कापूसवेचा, मंगळवार संध्याकाळी ६.२०

सर, धरणाला कशाला जायचं? शेततळ्यात सराव केला तर? पाणी स्थिर, घराजवळ, कोणी हसायला पण नाही.

सांडवा, मंगळवार संध्याकाळी ६.४५

कृपा करून शेततळ्यात उतरू नका. पाटबंधारे खात्यात हयात गेली माझी. अस्तराचा प्लास्टिक कागद ओला आणि शेवाळलेला असला की त्यावर ना हात टिकतो ना पाय, आणि काठ उतरता. पोहता येणारी माणसं काठापासून हातभर अंतरावर बुडाली आहेत. ज्यांच्याकडं शेततळं आहे त्यांनी काठाला गाठी मारलेला दोर कायमचा बांधून आत सोडून ठेवावा. विषय कयाकचा आहे, पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

चित्रबलाक, मंगळवार रात्री ९.१०

सांडवा काकांना +१००.

मी संभाजीनगरची. कोणी पैठणला नाथसागरावर सरावाला जायच्या विचारात असेल तर आधीच सांगते, ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात उथळ पाण्यात बदकं हजारोंनी उतरलेली असतात, त्यांच्यात कयाक घालणं म्हणजे पंगतीत बैल सोडणं. वनविभागाला विचारल्याशिवाय नको. इतर धरणांवर मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेव्हा तिथल्या भोई मंडळींना विचारून उतरावं. विचारलं की तेच चहा पाजतात, असा माझा तरी अनुभव आहे.

अवांतर: गोदावरी त्र्यंबकला उगवते तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि ती निघते बंगालच्या उपसागराकडे. आपल्या नशिबात समुद्र नाही तो असा.

पूर्णाकाठ, बुधवार रात्री १०.००

सर, आज अकरा वेळा पडलो. सहाव्यांदा जमलं. बरगड्या ठणकायल्यात. काठावरच्या म्हातारबाबांनी विचारलं, नवस आहे का.

आता पुढचं सांगा. भरती-ओहोटी हे मला शाळेत पाच मार्कापुरतं माहीत आहे.

बालाघाटी, गुरुवार दुपारी ५.१५

पाच मार्काचंच आहे, पण नापास झालं की उत्तरपत्रिका समुद्राकडं राहते.

धरणाचं पाणी तुमची वाट बघतं, खाडीचं बघत नाही. एवढं अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली. कोकणात पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. कधी, ते तिथीवरून निघतं. पाऊणकीचा पाढा आठवतो का? तिथीचा आकडा घ्या, पाऊणपट करा, त्या सुमारास भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसा आणि रात्रीही. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या दरम्यान. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. जुने खलाशी असाच हिशोब करतात, बंदरागणिक अर्धा तास इकडंतिकडं. जायच्या दिवशी छापील तक्ता किंवा अॅप बघायचंच, पण पाढा पाठ असला की तक्ता वाचताना घोळ होत नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढणार, खूप उतरणार, ओढ जबर. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची हालचाल कमी. शिकाऊ माणसानं भांगाचे दिवस धरावे. मासे कमी लागतील, लागू देत.

आता वारा. खारे वारे आणि मतलई वारे, हेही भूगोलातलंच. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडं मतलई वाहतो. पाणी आरशासारखं, आणि तुम्हाला कळतही नाही की तो पाठीवर हात ठेवून बाहेर ढकलतोय. अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा सुटतो, पाण्यावर पांढरे तुरे दिसायला लागतात. म्हणून उजाडता उतरा आणि अकराला बाहेर या. पहाटेची ओहोटी आणि मतलई एकाच दिशेनं ओढत असतील त्या दिवशी खाडीच्या तोंडाकडं तोंडही करू नका.

पहिलं वर्षभर खाडीतच. तोंडाबाहेर जायचं नाही.

रापणकर, गुरुवार रात्री ९.४०

मास्तर बरोबर बोलतत. तोंडाचा मी सांगतंय, जरा सगळ्यांना कळेल असं लिहितो. ओहोटीचं पाणी बाहेर पळतं, समुद्राची लाट आत येते. दोघांची टक्कर खाडीच्या तोंडावर होते आणि लाट उभी राहते. वारा नसला तरी राहते. आमची इंजिनवाली होडी पण तिथे पाणी बघून काढतो.

जाळ्याचे बोये दिसले की लांबून जावा, वल्ह्यात जाळं अडकलं तर जाळं फाटतं, आणि ते कोणाचं तरी पोट असतं. किनाऱ्यावर रापण (दोरांनी ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर दोन दोरांच्या मधून जायचं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य आहे, तिथे गरवूक (गळ टाकूक) जाव नको. आणि जून-जुलै बंदीचे महिने. बिनइंजिनाच्या होडीला बंदी लागत नाही म्हणून कोण तरी तुम्हाला सांगेल, त्याला सांगा की पावसातला दर्या तू बघितलेला नाहीस. नारळी पौर्णिमेला आम्ही नारळ देतो तो उगाच नाही.

सांडवा, शुक्रवार सकाळी ८.०५

पाणी उतरतं ते एकसारखं नाही, हे आमच्या धाग्याकर्त्याला सांगायला हवं. सहा तासांचा हिशोब बाराव्या भागात करतात: पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. समजा एकूण उतार २.४ मीटर आहे. पहिल्या तासात २० सेंमी, दुसऱ्यात ४०, तिसऱ्या-चौथ्यात ६०-६०. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. पहिला तास बघून माणूस म्हणतो, काही घाई नाही. तिथंच फसतो.

मी धरणाची पातळी रोज सकाळी वहीत लिहायचो. भर उन्हाळ्यात बाष्पीभवनानं दिवसाला सेंटिमीटरभर उतरली तरी वरून फोन यायचा.

पूर्णाकाठ, शुक्रवार रात्री ११.२०

काका, वाखू साठवली. सामानाचं आता विचारू का सर?

बालाघाटी, शनिवार दुपारी ३.३०

विचारा. सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, ३००० ते ४००० मापाचं स्पिनिंग रील, १५-२० पाउंडाची विणलेली दोरी, पुढं गळाजवळ हात-दोन हात ३०-४० पाउंडाचा जाड लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते, बारीक दोरी घासून तोडतो. आणि त्या कल्ल्यात बोटं घालून फोटो काढू नका. खोट्या आमिषावर खर्च नंतर करा, आधी जिवंत कोळंबी. खाडीत सगळं तिच्यावरच जगतं.

येलदरीचं मरळाचं रील आणू नका असं म्हणणार नाही, पण एका हंगामात त्याचा गूळ होईल.

सामानापेक्षा हे जास्त महत्त्वाचं: गळ्यात शिट्टी, फोन वॉटरप्रूफ पिशवीत आणि पिशवी अंगाला (कयाकला नव्हे), हेडलॅम्प, चाकू, अडीच-तीन लिटर पाणी. समुद्रात प्यायला थेंब नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, फोनमध्ये आत्ता साठवा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, निघण्याआधी ते बघायचे. किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून निघायचं, किती वाजता परत येणार ते. नांगर टाकायचा तर कयाकच्या टोकाला बांधा, बाजूला कधीच नाही. ओढीच्या पाण्यात बाजूचा नांगर कयाक उलथवतो.

फुगवायची कयाक घ्यावी का म्हणून दोघांनी व्यनि (खासगी निरोप) केलाय. खडकावरची कालवं बघा आणि मग ठरवा. ब्लेडची चादर अंथरलेली असते.

आणि एकट्यानं नाही. कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मला सुट्टी आहे. दिवस उधाणाचा आहे, पण मी सोबत असेन. या.

टँकर_नंबर_नऊ, शनिवार संध्याकाळी ७.००

सर, पोरगं लई हौशी आहे, परत पाठवा म्हणजे झालं. खताची उधारी आहे माझी त्याच्याकडं.

पूर्णाकाठ, (दिवाळीनंतर) मंगळवार रात्री १०.३०

जाऊन आलो. सगळं लिहितो, लपवत नाही.

परभणीहून पुणे, तिथं मुक्काम, मग घाट उतरून सरांच्या गावी. टपावरच्या पट्ट्याला एक पीळ द्यायचा असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. सरळ पट्टा वाऱ्यानं असा भुणभुणतो की अख्ख्या रस्त्यात कानात भुंगा.

सकाळी आठला पाण्यात. प्रतिपदा, म्हणजे भरती पावणेएकला. पाण्याबरोबर वर वर गेलो, वल्हं नुसतं दिशेपुरतं. दोन्ही काठाला कांदळवन, मुळं पाण्यातून बोटांसारखी वर आलेली. साडेअकराला एका बारक्या नाल्यात शिरलो. सर पुढं. आत गेल्यावर दोनदा पाणी फुटल्याचा आवाज आला, सर म्हणले जिताडा आहे. झालं, माझं चित्त गेलं.

दीडला सर म्हणले, चला. म्हणलं, तुम्ही व्हा पुढं, पाच मिनिटात आलो. ते नाल्याच्या तोंडाशी जाऊन थांबले.

दोनच्या सुमारास लागला. दांडगी ओढ. वर आला तर शिंगाळा, दीड वित. येलदरीत असल्या मिशीवाल्याला नागड्या हातानं धरायची सवय. धरला. पाठीवरचा काटा उजव्या अंगठ्याच्या बुडात गेला आणि मनगटापर्यंत जाळ झाला. विंचू माहीत आहे मला, त्याच जातीचं. डोळ्यात पाणी. सरांना ओरडून विचारलं, ते तिकडून ओरडले, गरम पाणी! गरम पाण्यानं विष उतरतं! पाणी कुठलं, थर्मासमध्ये वहिनींनी दिलेला चहा होता. झाकणात ओतला, दुसऱ्या हाताचं बोट घालून बघितलं, पोळत नाही इतपत, आणि अंगठा बुडवला. निवला की ओत, परत दुसरा. अर्ध्या तासात ठणका निम्म्यावर आला. आलं घातलेला चहा होता तो. वाया गेला म्हणवत नाही.

या भानगडीत तीन वाजून गेले. दुखणं कमी झालं तर परत तोच आवाज, पाणी फुटल्याचा. म्हणलं एक गळ टाकू. सांडवा काका, मला तुमचे तीन-तीन भाग आठवले तेव्हा सव्वाचार झाले होते, आणि कयाकचा तळ चिखलाला लागला होता. वल्ह्यानं ढकललं तर वल्हं कोपरापर्यंत आत. दहा मिनिटांत नाल्यात पाणी उरलं ते आपल्या नालीएवढं. बारीक खेकडे बिळातून बाहेर येऊन एक एक पंजा हलवायला लागले, जसं काही मला बोलावून घ्यायलेत.

आमच्याकडं धरण रिकामं व्हायला उन्हाळा लागतो. इथं ते मी बसल्या जागी बघितलं.

सरांचा फोन आला. एकच वाक्य बोलले, "उतरू नका, बसून राहा." सव्वाचार ते साडेनऊ बसून. डासांनी पंगत उठवली. सातच्या सुमारास कांदळवनाच्या मागून चंद्र वर आला, तेव्हा चिखल सगळा चांदीसारखा चमकायला लागला. ते बघण्यासारखं होतं, हे बायकोला सांगितलं नाही. मग कधीतरी कयाकच्या खालून बुडबुड आवाज आला, ती किंचित हलली. पाणी आलं होतं. सर तोंडाशी हेडलॅम्प लावून बसलेले, मघापासून तिथंच.

मासा शून्य. शिंगाळा सोडला.

रापणकर, मंगळवार रात्री ११.००

चिखलात उतरलंस नाय ह्या बरा केलंस. कंबरेपर्यंत रुतलास तर काढूक फळ्या घालूक लागतत, तोपर्यंत भरती येता. आणि शिंगाळो पक्कडीन धरतत, बाबा. पाकट (शेपटीत काटा असलेलो चपटो मासो) लागला तर तेच, शेपटीकडे हात नाय. उतरताना पाय उचलून टाकू नको, घासत घासत चल म्हणजे वाळूतला पाकट पळून जाता. केंड लागला तर सोडून दे. तो खाऊचो नाय, विषारी.

बालाघाटी, बुधवार दुपारी ४.२०

चूक माझी पण आहे. उधाणाच्या दिवशी नवशिक्याला नाल्यात न्यायलाच नको होतं, आणि नेलं तर पाच मिनिटात येतो म्हणणाऱ्याला मागं ठेवून निघायचं नसतं. शाळेच्या सहलीत मी कधी असं केलं नाही. अंगठ्याची सूज उतरली का? काट्याचा तुकडा आत राहतो कधी कधी, डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

पुढच्या वेळी अष्टमी धरून या.

पूर्णाकाठ, बुधवार रात्री ९.५०

इंजेक्शन घेतलं. सूज नाही. अष्टमीचं दुकानातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवलंय.

एक अडचण. रील फिरवताना आत वाळू असल्यासारखा कर्र आवाज यायलाय.

बालाघाटी, बुधवार रात्री १०.०५

मीठ. घरी आल्या आल्या गोड्या पाण्यानं धुवायचं असतं, त्याच दिवशी. नळाची जोराची धार मारायची नाही, त्यानं मीठ आत जातं. वरून हलकं शिंपडून, पुसून, सावलीत वाळवून मग थेंबभर तेल. कयाक, जॅकेटची चेन, पक्कड, सगळं. दोन-तीन बादल्या लागतात.

पूर्णाकाठ, बुधवार रात्री १०.३०

सर, दोन-तीन बादल्या! आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतंय. आईनं ड्रमला हात लावू दिला नाही. म्हणाली, समुद्रात एवढं पाणी होतं तर तिथंच धुऊन आणायची होती. शेवटी शेतात नेऊन मोटारीखाली धुतली. तिथंही बोअरचं पाणी असं की वाळल्यावर पांढरे डाग. त्यात आई मागून ओरडायली, ते मिठाचं पाणी लिंबाच्या आळ्यात जाऊ देऊ नको.

रापणकर, बुधवार रात्री १०.४५

माड लाव. माडाक मीठ चलता, आमी बुंध्यात मुद्दाम घालतो.